निवळबाबांची बरणी

सकाळच्या पाळीचा भोंगा वाजून गेला तरी कोळंबी-केंद्राच्या फाटकासमोरची गर्दी हलेना. सगळ्यांच्या माना काचेच्या एका बरणीकडे वळलेल्या. परवा तिच्यात हिरवंगार पाणी होतं. निवळबाबांनी आपल्या कलशातलं चमचाभर पाणी त्यात टाकून झाकण सर्वांसमक्ष लाखेनं बंद केलं होतं. आज लाख जशीच्या तशी होती आणि बरणीतून पलीकडे बाबांच्या बोटांतल्या अंगठ्या मोजता येत होत्या.

"हिरवा विकार गिळला," बाबांनी सूर लावला. "तसाच रक्तातला गिळेल, मूत्रपिंडातला गिळेल, नशिबातलाही गिळेल. गोळ्या बंद, सुया बंद. आणि मंडळी, हा कलश कधी आटत नाही."

नशिबातला विकार कुठल्या दवाखान्यात तपासतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गर्दीत केंद्राच्या प्रयोगशाळेतली बाटलीवाली होती. समुद्रातले, उन्हावर जगणारे हिरवे जंतू ती बाटल्यांत वाढवायची. ते खाऊन बारीक किडे वाढत आणि किडे खाऊन कोळंबीची पिल्लं. तिला हसू येणार, तेवढ्यात पुढच्या रांगेत दादा दिसला. तिचा सख्खा भाऊ, केंद्रातलाच पंप-मिस्त्री, लहानपणापासून इन्सुलिनवर जगणारा. तो ओंजळभर पाणी प्यायला आणि खिशातलं इंजेक्शन त्यानं बाबांच्या पायाशी ठेवलं.

घरी तिनं जीव तोडून सांगितलं, इंजेक्शनशिवाय तू दोन दिवस काढणार नाहीस. दादा ऐकेना. तीस वर्षं रोज चार वेळा टोचून घेतलेल्या माणसाला सुटकेची आस लागली, यात नवल नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बरणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्या पाण्यात शक्ती नाही हे दाखव, लगेच टोचून घेतो."

बाबांचं पाणी वहिनीनं घरी बाटलीत आणलं होतं. त्यातलं थोडं घेऊन ती प्रयोगशाळेत आली. रंग उडवणारं ब्लीच असणार, अशी तिची खात्री होती. पण तपासायच्या कागदाचा रंग बदलला नाही. तिची पंचाईत झाली, कारण बरणी खोटी नव्हतीच.

मग तिची नजर खुंट्यांवर टांगलेल्या, टाक्यांतलं पाणी काढायच्या पळ्यांकडे गेली. केंद्रात प्रत्येक टाकीची पळी वेगळी. अधूनमधून एखादी हिरवी टाकी दोन दिवसांत साध्या पाण्यासारखी नितळ व्हायची. कामगार म्हणायचे, "पाणी बसलं." तीच पळी दुसऱ्या टाकीत गेली की तीही बसायची. बसलेलं पाणी शिव्या घालत गटारात ओतायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ते का बसतं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं हिरव्या पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या. बाबांचं पाणी तिनं अशा बारीक गाळणीतून गाळलं, की जंतूही पलीकडे जाणार नाही. ते चमचाभर पहिलीत टाकलं, तेच उकळून, गार करून दुसरीत टाकलं. तिसरीत काहीच नाही. मग दिव्याखाली ठेवून वाट पाहणं आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. दादा उलट्या करत होता, धाप लागली होती. त्यानं बोलावून घेतलेले बाबा उशाशी बसून सांगत होते, विष बाहेर पडतंय. बाटलीवालीनं आधी रुग्णवाहिका बोलावली, मग तिन्ही बाटल्या उराशी धरून धावली.

पहिली बाटली निवळली होती; टाकीपेक्षा लहान, म्हणून एका दिवसातच. उरलेल्या दोन्ही हिरव्याच.

"दादा, पाण्यात शक्ती आहे, पण ती उकळली की मरते," ती म्हणाली आणि बाबांकडे वळली. "का हो, असं कसं?"

"बसलेलं पाणी उकळल्यावर मरणारच," बाबा फणकारले.

दादानं मान वळवली. बसलेलं पाणी हा शब्द टाक्या धुतलेल्या माणसाच्याच तोंडी यायचा. "कुठल्या केंद्रात होतास रे?" त्यानं धापा टाकत विचारलं. बाबांनी कलश उचलला आणि दाराची वाट धरली.

तिनं भराभरा सांगितलं. गाळणीतूनही पार होतो तो विषाणू, जंतूपेक्षा कितीतरी बारीक. तो हिरव्या जंतूत शिरतो, आत आपल्यासारखे ढीगभर तयार करतो आणि जंतू फुटतो. भक्तांनी आणलेलं हिरवं पाणी कलशात ओतलं की त्यात तो पुन्हा वाढतो, म्हणून कलश आटत नाही.

"पण बरणी तर साफ झाली," दादा पुटपुटला.

"झाली. तिथं फोडायला हिरवे जंतू होते. तुझ्या आजारात जंतूच नाही, दादा. तुझ्या अंगात इन्सुलिन बनत नाही. तो काय फोडणार?"

दादानं डोळे मिटले आणि सुईसाठी दंड पुढे केला. तेवढ्यात रुग्णवाहिका दारात थांबली.

वाटेत त्याची शुद्ध हरपली, पण तो वाचला. चमत्कार दिसला तर जरूर पाहा, डोळे भरून पाहा. पण बरणीत झालं ते रक्तातही होईल, हे कुणी तपासलं, एवढं विचारल्याशिवाय चालू औषध थांबवू नका. दादाला शुद्ध आली तेव्हा डॉक्टर वहिनीला म्हणाले, अजून दोन तास उशीर झाला असता तर आम्ही काहीच करू शकलो नसतो.