दोघांनी ओढायची दोरी

मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण एक पत्र चार महिने माझ्या दोरीत अडकून होते. त्याला उत्तर गेले नव्हते, आणि ते मला टोचत होते. तिथूनच सुरुवात करते.

माझा जन्म मोहगावचा. कवडू मिस्त्रींनी बाभळीचे पाय तासले, सुंभाची दोरी विणली आणि सांगितले, "दोरी दोघांनी ओढा बाप्पा. एकट्यानं ओढली का बाज तिरपी होते."

तिथून मी पांढुर्ण्याला अंबाबाईंच्या घरी आले. त्यांची दोन्ही लेकरे, रवींद्र आणि चंद्रकला, माझ्यावर वाढली. पुढे घरात दिवाण आला आणि मी मागच्या पडवीत कोळ्यांच्या जाळ्यांत पडून राहिले. अंबाबाईंचे पाय गेले तेव्हा मात्र त्या हटून बसल्या, "मले माह्यीच बाज पाह्यजे!"

त्यांना उठवणे, न्हाऊ घालणे, वेणी घालणे, सगळे सून उषाबाई करत. शेजारणी म्हणत, "सून नाही वो, लेक हाय." उषाबाई हसत आणि हळूच कंबरेवर हात ठेवत. एवढ्या कौतुकानंतर 'थकले' म्हणायची सोय उरत नाही.

तेवढ्यात सासरहून, रामाकोन्याहून, चंद्रकलाबाईंचे पत्र आले. 'दादा, फोनवर तू पाहू म्हणून ठेवून देतो, म्हणून लिहून राहिली. आईले दोन महिने माह्याकडे दे. वहिनीले जरा पाठ टेकू दे.'

रवींद्र निवृत्त ग्रंथपाल, स्वभावाने भिडस्त. त्यांनी चार उत्तरे लिहिली, चारही फाडली. मुलगा असताना आई जावयाच्या घरी? लोक काय म्हणतील? शिवाय अंबाबाई जन्मभर लेकीच्या घरचे पाणी प्यायल्या नव्हत्या. रामाकोन्याला जाताना घरून तांब्या भरून नेत. आईला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी पत्र गादीखाली माझ्या दोरीत खोचले.

दरवर्षी माझी सैल दोरी नवराबायको मिळून ओढत. यंदा उषाबाईंना वाकवेना. रवींद्रांनी एकट्यानेच ओढली आणि अंबाबाईंना पुन्हा निजवले. मी तिरपी झाले. अंबाबाई कडेला घरंगळल्या. उषाबाईंनी धावून त्यांना सावरले खरे, पण स्वतःच्याच कंबरेत अशी कळ आली की त्या माझ्यावरच बसल्या. पत्र खाली पडले.

त्यांनी ते उचलून वाचले. "चार महिने झाले अन् तुमी मले सांगतलं नाही?"

"आईले कसं वाटीन म्हणून..."

"का हाय त्यात?" अंबाबाईंनी विचारले. उषाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले.

"माह्या लेकीनं मले बोलावलं, अन् मलेच पत्ता नाही!"

"पण आई, तू तं तिच्या घरचं पाणीबी पेत नाही."

अंबाबाई सुनेची कंबर दाबू लागल्या. दाबता दाबता म्हणाल्या, "तिले पहिलं पाणी मीच पाजलं ना रे? आता तिनं मले पाजलं तं का होते? तू पड वो उषा, माह्याजवळ."

त्या दुपारी मी दोघींना पेलले. कुरकुरले, पण मोडले नाही. मित्रांनो, मला चार पाय आहेत म्हणून हे जमले. घरातले म्हातारे माणूस एकाच पायावर तोलू नका. आणि जो पाय न बोलता उभा आहे, त्याला कधीतरी विचारा.

उषाबाईंनी रामाकोन्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी मी टेम्पोत चढले, उलटी, चारही पाय आभाळाकडे. अंबाबाई पुढे ड्रायव्हरजवळ, त्यांच्या शेजारी रवींद्र. तांब्या घरीच राहिला. उषाबाईंनी दारातून हात हलवला, आणि आत जाऊन पाठ टेकली असावी.

टपालपेटीपाशी रवींद्रांनी टेम्पो थांबवला. खिशातून बहिणीला लिहिलेल्या उत्तराचे पाकीट काढले.

ड्रायव्हर हसला, "काकाजी, पत्राच्या पहिले आपणच पोचून राहिलो ना!"

"टाकू दे रे त्याले," अंबाबाई म्हणाल्या. "चार महिन्याचं वझं हाय."

रवींद्रांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट पेटीत सोडले.