ताईची किडनी

धाकट्याला लहानपणापासून उंच चढायची भारी हौस. पुढे त्याने लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं, तेव्हा ताई म्हणाली होती, "बरं झालं, आता निदान पगार घेऊन चढशील." त्यानंतर पाण्यासारखी वर्षं गेली. धाकट्याचं पिणं वाढलं, दोन्ही किडन्या निकामी झाल्या, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि बायको माहेरी गेली ती गेलीच. उरली ताई. शिवणकाम करणारी, एकटी, जिभेची तिखट. तिने स्वतःची किडनी द्यायचं ठरवलं. तपासण्या जुळल्या. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला समोर बसवून बजावलं, "दारूचा एक थेंब घेतलात, तर ऑपरेशन रद्द." त्याने तिथल्या तिथे ताईची शपथ घेतली.

त्या दुपारी तो डायलिसिसला पोहोचलाच नाही. फोनही उचलेना. ताईने हातातला झगा मशीनवर तसाच टाकला आणि तो काम करत होता ती इमारत गाठली. लिफ्ट बंद होती. धापा टाकत ती जिने चढली आणि तिने गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीचं दार ढकललं.

धाकटा मोटरला टेकून बसला होता. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, छाती घरघरत होती. मांडीवर बाटली, जवळजवळ रिकामी.

"मेल्या! माझी शपथ घेतली होतीस ना?"

"तहान गं ताई," तो अडखळत म्हणाला. "घोट घोट पाणी मोजून प्यायचं... जीव कासावीस होतो."

"म्हणून दारू?"

त्याने बाटली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "सांग जाऊन डॉक्टरीणबाईंना. तुझी किडनी घेईन आणि तीही दारूत बुडवीन मी. मला मी ठाऊक आहे."

ताईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. जिना उतरणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. त्याने बोटाने दाखवलेली कळ तिने वर केली. मोटर गुरगुरली, लिफ्ट सुरू झाली. त्याचा दंड खांद्यावर घेऊन ताईने त्याला एक मजला कसाबसा उतरवून लिफ्टमध्ये घातलं. खाली जाईपर्यंत तो तिच्या पदरात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडत होता.

दवाखान्यात त्याला थेट डायलिसिसच्या यंत्राला लावलं. काही वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "फुप्फुसात पाणी भरलं होतं. थोडक्यात वाचले. खरं सांगा, दारू घेतली होती?"

ताईच्या ओठांवर "नाही" आलं होतं. एवढं एक खोटं बोललं असतं, तर कदाचित सगळं निभावूनही गेलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"मग ऑपरेशन आता होणार नाही. आधी व्यसनमुक्ती. काही महिने दारूशिवाय राहिले, तर पुन्हा विचार करू. तोवर डायलिसिसवर तग धरायला हवा."

ताईने मान हलवली. डॉक्टरीणबाई गेल्या आणि तिला एकदम हलकं वाटलं. आपलं पोट आता कोणी फाडणार नाही. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी किळस आली, की ती भिंतीला धरून उभी राहिली. भावाला मरणाच्या दारात ठेवून आपण सुटलो म्हणतोय!

ती आत गेली. धाकट्याच्या दंडातून लाल नळ्या यंत्राकडे जात होत्या.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस." त्याने डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "सुटेल का गं माझी दारू?"

"सोडावी लागेल."

"आणि सुटली तर... तू किडनी देशील अजूनही?"

ताईच्या तोंडून होकार निघेना, आणि नकारही. तिने त्याच्या पायांवरची चादर नीट केली आणि त्याची सुजलेली पावलं दोन्ही हातांनी दाबत बसली.