नव्व्याण्णवांपाशी कोण

“पाळक, तुमच्या गाण्यातला मेंढपाळ येडा हाय का वो?”

चर्चच्या दारात चपला काढून, पण उंबरा न ओलांडता ग्यानबा उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. उपासना नुकतीच संपली होती. बाबा पेटीचा भाता बंद करत होते आणि त्यांच्या अंगात पाळकाचा पांढरा झगा तसाच होता. आत बसलेल्या तीस-पस्तीस माणसांनी माना वळवल्या. आपल्या पाळकाच्या गीताला कुणी असं तोंडावर बोलेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला हसू आवरेना.

भूकंप झाला त्या वर्षीचा, १९९३ चा उन्हाळा होता. आमचं लुथरन मंडळीचं चर्च म्हणजे आखाडा बाळापूरच्या कडेला असलेली, पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. शेजारच्या शेतमालकाने ग्यानबाची मेंढरं खतासाठी रानात बसवली होती. त्यामुळे सलग तीन रविवार ग्यानबा आमच्या खिडकीखाली बसून सगळी उपासना ऐकत होता. त्या दिवशी बाबांनी रचलेलं नवं गीत मंडळीने पहिल्यांदा म्हटलं. येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला होता तो. शंभरातलं एक चुकतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन परत येतो.

एक मेंढरू चुकले,
रानोमाळ हिंडते,
मेंढपाळ शोधू निघे,
रक्त पायी सांडते.

अशी तीन कडवी. काय चुकलं, असं बाबांनी विचारलं. ग्यानबाने काठी भिंतीला टेकवली.

“नव्व्याण्णव उघड्या रानात सोडून एकामागं गेला, तर माघारी आल्यावर किती दिसतेल त्याला? लांडगं काय उपास धरून बसतेत?”

लोक हसले. बाबा हसले नाहीत. “मग तुमी काय करता?” त्यांनी विचारलं.

“मी जातो की. जावंच लागतंय. पण पार्वती थांबती ना मेंढरापाशी. ती थांबती म्हून मी जातो.”

पार्वती म्हणजे त्याची बायको. खिडकीतून लांब बाभळीखाली तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. एवढं बोलून ग्यानबा काठी उचलून निघून गेला. सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात. आमच्या पाळकाचे कान एका मेंढपाळाने टोचले.

माझे बाबा, पाळक प्रभू खंदारे. त्यांच्याकडे अकरा गावं आणि एक सायकल होती. कुठे दोन घरं, कुठे चार, अशी त्यांची माणसं पांगलेली. लांबच्या गावांना ते एसटीने जायचे, बाकी सगळं सायकलवर. त्यांना गीतं सुचायची तीही सायकलवरच. पायडलच्या ठेक्यावर चाल यायची आणि घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत निघूनही जायची, कारण स्वर लिहून ठेवायची विद्या त्यांना येत नव्हती. म्हणून ते दारात सायकल लावायचे आणि पाणीसुद्धा न पिता सरळ चुलीपाशी यायचे. “सत्यशीला, धर ही,” म्हणायचे आणि उभ्याउभ्या गायचे.

आई भाकरी थापता थापता एकदा ऐकायची, मग तशीच्या तशी म्हणून दाखवायची. की चाल पक्की. पुढे सहा महिन्यांनी बाबा विचारायचे, ती नाताळाची चाल कशी गं होती, आणि आई झाडता झाडता ती गुणगुणायची. माझे बाबा संगीतकार होते असं मी सांगते तेव्हा मला नेहमी वाटतं की आपण अर्धंच सांगतोय. आई त्यांची वही होती.

शुक्रवारी दुपारी कडुनिंबाखाली बायकांची प्रार्थनासभा भरायची. आई तिथे ती गीतं शिकवायची. एक ओळ ती म्हणणार, मागून बायका म्हणणार, आणि हात तूर निवडत असणार. पंचफुलाबाई, भिकाबाई, सगळ्या अंगठाबहाद्दर. पण एकदा कानातून आत गेलेली ओळ त्यांच्यातली एकही विसरायची नाही. बऱ्याच चाली मुळात त्यांच्याच जात्यावरच्या असायच्या. पंचफुलाबाई बाबांना टोमणा मारायची, “दळण आमचं अन् पीठ तुमचं व्हय, पाळक?” बाबा मान हलवून हो म्हणायचे.

त्या उन्हाळ्यानंतर बाबांना ग्यानबाचा प्रश्न सोडेना. जेवताना मध्येच ते म्हणायचे, खरंच, त्या नव्व्याण्णवांपाशी कोण होतं? शास्त्रात तर कुणाचं नाव नाही. आई म्हणायची, आधी भाजी संपवा.

श्रावणात मला विषमज्वर झाला. बाबा तेव्हा साखऱ्याला होते. तिथला मसाजी दारूच्या नादी लागून चर्चला यायचा बंद झाला होता आणि बायकोला मारून कुठेतरी निघून गेला होता. बाबा त्याला शोधत गावोगाव फिरत होते. शेजारणींनी आईला विचारलं, निरोप धाडू का? आई नको म्हणाली. पाच दिवस ती माझ्या उशाशी बसून होती. सहाव्या दिवशी बाबा आले ते सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मसाजीला घेऊनच. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. मला इतका राग आला की ताप असूनही मी भिंतीकडे तोंड करून पडले. बाबांना जगातलं प्रत्येक हरवलेलं लेकरू दिसायचं, फक्त घरात असलेलं दिसायचं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आजही अधूनमधून वाटतं.

आईने मसाजीसाठीही पीठ मळलं. बाबा दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, लुगडं सहा दिवसांचं होतं. मग ते सायकल काढून पुन्हा बाहेर गेले. तासाभराने परत आले, चुलीपाशी उभे राहिले, नेहमीसारखं “धर ही” सुद्धा म्हणाले नाहीत, आणि गायले.

नव्व्याण्णवांच्या सोबती
कोण उभे राहिले?
नाव त्याचे कुणी न घे,
प्रभूने ते पाहिले.

आईने ते लगेच म्हणून दाखवलं नाही. असं पहिल्यांदाच झालं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचा हात तिकडे गेला नाही. मग ती म्हणाली, “चांगलं झालंय.” ती करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. पुढच्या शुक्रवारी कडुनिंबाखाली चौथं कडवं शिकवलं गेलं.

बाबांची पन्नासेक गीतं झाली असतील, पण त्यांचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच. आमच्या अकराही गावांत ते म्हटलं जाई, लग्नात आणि मातीला दोन्हीकडे. बाबांची एवढी एकच हौस होती की आपलं एखादं गीत मंडळीच्या छापील गायनपुस्तकात यावं. पाठवलेलं गीत परत आलं, तरी ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण दर रविवारी पुस्तकातलं गीत सांगताना ते खाली छापलेलं रचणाऱ्याचं नावही वाचायचे. हे दुसरं कुणीच करत नाही.

२००१ मध्ये नव्या गायनपुस्तकाच्या समितीचं पत्र आलं. मी नांदेडला नर्सिंग शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. पत्र मीच वाचलं. आपलं गीत निवडलं आहे, मात्र चौथ्या कडव्याला शास्त्रात आधार नाही. नव्व्याण्णवांपाशी कुणी थांबल्याचा उल्लेख दाखल्यात नाही. तरी ते गाळण्यास आपली संमती कळवावी.

बाबा तीन दिवस पत्र खिशात घेऊन फिरले. चौथ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं. ती अंगणात धुणं वाळत घालत होती.

“काढा की,” ती म्हणाली. “तीन तर येतेत ना. इतक्या वर्साची हौस तुमची.”

“तुला काही वाटंन का?”

“मला काय वाटायचंय?”

तिने ओलं धोतर झटकलं आणि दोरीवर टाकलं. धोतराआड तिचं तोंड दिसेनासं झालं. बाबांनी त्याच दुपारी संमतीचं कार्ड टाकलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आईने मलाच दटावलं, पाळकाच्या पोरीने असं वागू नये म्हणून.

पुस्तक आलं. दोनशे सतरा नंबरचं गीत, खाली बारीक अक्षरात बाबांचं नाव. पहिल्या रविवारी बाबांनी नंबर सांगितला, रचणाऱ्याचं नाव मात्र वाचलं नाही. तीन कडवी झाल्यावर त्यांनी पेटी थांबवली. बायका पुढच्या कडव्याचा श्वास घेऊन बसल्या होत्या, तो तसाच राहिला.

“पाळक, गाडी मधीच काहून थांबली?” पंचफुलाबाईने भर चर्चात विचारलं.

पुस्तकात एवढंच आहे, असं बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही. आई मांडीवरच्या पुस्तकात बघत होती. त्यानंतर ते गीत आमच्या चर्चात तीनच कडव्यांचं झालं, आणि बाबांना नव्या चाली सुचायच्या हळूहळू बंद झाल्या. सुचत होत्या पण ते चुलीपाशी जायचे नाहीत, असंही असेल. मी कधी विचारलं नाही.

आई गेली २००६ च्या फेब्रुवारीत. शुक्रवारची दुपार होती, कडुनिंबाखाली तूर निवडणं चाललं होतं. छातीत दुखतंय म्हणाली आणि पंचफुलाबाईच्या खांद्याला टेकली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबा साखऱ्याला होते. मी नांदेडहून निघाले, बस वारंगा फाट्यावर बंद पडली, आणि तिथे दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी असताना माझ्या मनात एकच विचार येत होता. या बाईपाशी शेवटी घरचं कोणीच नव्हतं. मी नव्हते आणि तेही नव्हते. घरी पोचले तेव्हा बाबा आईच्या पायाशी बसले होते, चपलाही पायातच होत्या. माझ्याकडे बघून म्हणाले, “मी गेलतो गं, कोमल.” मला खूप बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माती होती. कबर मसाजीने खणली होती. दारू सोडून त्याला तेरा वर्षं झाली होती. अकराही गावांतून माणसं आली. क्रियाविधी चालवायला दुसऱ्या मंडळीचे एक तरुण पाळक आले होते. पेटी नव्हतीच. त्यांनी पुस्तक उघडून दोनशे सतरा नंबर सांगितला. घरच्या पाळकाचं गीत म्हणून मान दिला असेल बिचाऱ्यांनी. तीन कडवी झाली. शिकलेल्या माणसांनी पुस्तकं मिटली. तरुण पाळकांनी मूठभर माती घेण्यासाठी वाकून हात पुढे केला.

तेवढ्यात पंचफुलाबाईने चौथं कडवं उचललं.

तिचा आवाज म्हातारा, फाटका होता. लगेच भिकाबाईने धरलं आणि मग सगळ्या बायकांनी. थांबवायला इथे पेटी नव्हती, आणि पुस्तक कुठे संपतं याच्याशी त्यांना काय देणंघेणं? त्यांच्या हातात पुस्तक नव्हतंच. त्यांना आईने चार कडवी शिकवली होती, त्या चार म्हणत होत्या. तरुण पाळक गडबडून पानं उलटू लागले. मग त्यांनीही पुस्तक मिटलं आणि माती हातात धरून थांबले.

नाव त्याचे कुणी न घे, हे आलं आणि बाबांनी तोंड उघडलं. त्यांनी कबरीत बघून नुसते ओठ हलवले, कडवं संपेपर्यंत. पाच वर्षं धरून ठेवलेला माझा राग त्या ओठांकडे बघताना गेला. सगळा नाही, पण बराचसा गेला.

माणसं पांगायला लागली तेव्हा कुंपणापाशी ग्यानबा दिसला. पार थकला होता. डोक्यावरचं मुंडासं काढून त्याने काखेत धरलं होतं. यंदा मेंढरं ओढ्यापलीकडच्या रानात बसली होती आणि बातमी कळली तसा तो निघून आला होता. बाबा त्याच्याकडे गेले. मी मागे होते.

“पार्वतीबाई न्हाई आल्या?” बाबांनी विचारलं.

“मेंढरापाशी हाय,” ग्यानबा म्हणाला. “ती थांबली म्हून मला येता आलं.”

घरी माणसं वाट बघत होती, चहा टाकला होता. पण बाबा घराकडे वळलेच नाहीत. काळ्या रानातून, ढेकळांतून, ते ग्यानबाबरोबर ओढ्याकडे चालू लागले, आणि मीही गेले.

पार्वतीबाई मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघुरीपाशी बसून एका कोकराला पाजत होती. पाळक आलेले बघून ती लगबगीने उठली, डोईवर पदर घेतला. तिला काय झालंय ते कळेना. बाबांनी चपला काढल्या. आमच्यात एकमेकांना करतात तसा उजवा हात कपाळाला लावून त्यांनी तिला सलाम केला.

“पार्वतीबाई,” ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा एकदा तिचं नावच घेतलं.

तिला सलाम कसा घ्यायचा ते ठाऊक नव्हतं. एका हाताने कोकरू छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.