कड कापलेले सूप

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. धान्य पाखडण्याचे नव्हे, बिड्या वळण्याचे. माझी एक कड खोलगट कापलेली आहे. ती का कापली, तेवढे ऐकून घ्या.

माझा बांबू अर्जुनी मोरगावकडच्या जंगलातला. गोंदियाच्या गोवर्धन बुरडाने मला विणले आणि मुर्री गावच्या सुमित्राबाईने विकत घेतले. तेव्हापासून माझी जागा तिच्या मांडीवर. तेंदूची पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ माझ्या अंगावर, आणि माझी कड तिच्या पोटाला टेकलेली. ती हसली की मीही हलत असे. तिच्या बिड्या इतक्या सारख्या असत की कारखान्याचा माणूस एकही बाजूला काढत नसे. "सुमित्राच्या सुपातच गुण आहे," असे गल्लीतल्या बाया म्हणत आणि मी उगाच फुशारून जाई.

दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या बायांचे पाय संध्याकाळी सुजतात. आमच्या गल्लीत त्याचे कोणाला काही वाटत नाही. पाय विटेवर ठेवायचे, मोहाच्या बियांचे तेल चोळायचे, सकाळी सूज उतरते. एका उन्हाळ्यात सुमित्राबाईची सूज सकाळीही उतरेनाशी झाली. पायातली जोडवी काढून ठेवावी लागली.

"आई, दवाखान्यात चला न," सून पुष्पांजली म्हणाली. "सकाळीबी सूज उतरून नाही राहिली."

"बिडीवालीचे पाय सुजतेतच वं. त्याच्यासाठी दवाखान्यात कायले जायचं?"

मग मी तिच्या मांडीवर नीट बसेनासे झाले. बेंबीच्या वर, उजव्या अंगाला काहीतरी कठीण झाले होते. माझी कड त्याला अडे आणि तंबाखू सांडे. मला ते रोज कळत होते, पण सुपाला कोण विचारतो? उलट तिने मलाच दोष दिला आणि उचलून गोवर्धनकडे नेले.

"गोवर्धनभाऊ, हे सूप वाकडं झालं जी. पोटाले टोचून राहिलं."

त्याने मला फरशीवर ठेवून सगळीकडून दाबून पाहिले. "सूप तं सरळच आहे, बाई."

"मंग कड काप. मले काम कराचं आहे."

त्याने तिच्या पोटाच्या बेताने माझी कड कापली आणि पुन्हा बांधून दिली. सुमित्राबाई खूश झाली. मी पुन्हा मांडीवर बसू लागले, आणि ती गाठ माझ्या खोलग्यात बिनबोभाट वाढत राहिली. त्या दिवसाचा मला अजून राग येतो.

पुढे तिच्या पोटावर निळ्या शिरा उमटल्या. तेव्हा पुष्पांजलीने काही ऐकले नाही. आधी गोंदिया, मग नागपूर. परत आल्यावर तिने सासऱ्यांना, म्हणजे खेमराजजींना, सारे सांगितले, ते मी खुंटीवरून ऐकले. पायांकडचे रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर असते, तिच्या भिंतीतच कर्करोगाची गाठ झाली होती. शीर तुंबली म्हणून पाय सुजले. असा रोग फार क्वचित होतो, तो का होतो ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. गाठ हृदयाच्या जवळ चढली होती. आता कापून काढणे शक्य नव्हते.

"आधी आनलं असतं तं?" खेमराजजींनी विचारले.

"मीबी हेच इचारलं. तं डॉक्टर म्हने, कदाचित."

पावसाळा संपता संपता सुमित्राबाई गेली. तिची जोडवी पुन्हा तिच्या पायात चढलीच नाहीत.

आता पुष्पांजली मला मांडीवर घेते. तिचे पोट माझ्या खोलग्यापर्यंत पोचत नाही. त्या फटीतून तंबाखू खाली सांडतो आणि तो गोळा करताना तिचे डोळे भरून येतात. खेमराजजी नवे सूप आणतो म्हणाले, तर ती नको म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी आई, आजी मांडी घालून काम करत असेल. तिची सकाळची पावले पाहत जा. आणि सूप टोचते असे ती म्हणाली, तर सुपाची कड कापू नका. आधी तिच्या पोटावर हात ठेवून पाहा. मला हात नव्हते.