सोळा चौकटींतला इरशाद

गेल्या डिसेंबरपासून माझा नवरा टाळ्या वाजवतो. चहा हवा, एक टाळी. टॉवेल सापडत नाही, दोन टाळ्या. "मी काय कोंबडी आसंय?" असं विचारलं की इरशाद नुसते हसतात आणि तिसरी वाजवतात.

घशातली गाठ काढली तेव्हापासूनचं हे. गाठ साधी निघाली, अल्लाची मेहरबानी; पण आवाज फाटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोलत राहा, नाहीतर आहे तोही जाईल. इरशादनी नेमकं उलट केलं. लोकांना असला आवाज ऐकवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांनी मला एकदा कागदावर लिहून दिलं. कागद मी चुलीत घातला.

आवाजाची एवढी लाज कशाला, हे कळायला रापण पाहिलेली हवी. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात गोल सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं ओढतात. सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं तरच जाळं हलतं. ते पाऊल पाडायला एकजण हाक देतो. हरिश्चंद्र तांडेलांच्या रापणीत सव्वीस वर्षं ती हाक इरशादची होती. 'हेऽऽऽ' म्हटलं की दोर घट्ट धरायचा, 'हय्' म्हटलं की पाऊल. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा नीट बघायच्या आधी मी ही हाक ऐकली होती. ऑपरेशननंतर इरशाद किनाऱ्यावर गेलेच नाहीत. हरिश्चंद्रभाऊ शिटी वाजवायला लागले आणि गडी एकमेकांच्या पायांवर पाय द्यायला लागले, असं कानावर यायचं.

आमची सुहाना घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गेम बनवते. जूनमध्ये तिने एका स्पर्धेत नाव घातलं. जुन्या काळच्या व्हिडिओ गेमसारखा छोटा गेम पंधरा दिवसांत करायचा. रंग चारच, चित्र बारीक चौकटी भरून काढलेलं, माणूस सोळा चौकटी उंच, आवाज खरखरीत. तिने रापण निवडली. मला वाटलं, चला, बापाला निदान पडद्यावर तरी समुद्र दिसेल.

पहिला गडी तयार झाला तेव्हा तिने आम्हा दोघांना बोलावलं. दोर खांद्यावर, तोंड गावाकडे, आणि स्वारी बैलासारखी पुढे चाललेली. मला आवडला. इरशादनी कपाळावर हात मारला. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर वाढलेली मुलगी, पण रापण ओढायच्या वेळी ती शाळेत असायची. सुट्टी झाल्यावर पोचायची ती मासे निवडायला.

इरशाद उठले आणि अंगणात गेले. माझे ओले कपडे दोरीवरून काढून त्यांनी विहिरीच्या कट्ट्यावर टाकले, त्याबद्दल मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोरीचं एक टोक माडाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि समुद्राकडे तोंड करून, अंग मागे झोकून, ते उलटे चालायला लागले. सहा महिन्यांनी मी त्यांना असं बघत होते. सुहाना फोनवर व्हिडिओ घेत होती. मध्येच ते थांबले आणि त्यांनी बोटाने टाच दाखवली. आधी टाच रुतते, मग अंग मागे जातं.

सुहानाने सहा चित्रांत ती चाल बसवली. टाचेची एकच चौकट खाली सरकवली आणि त्या चिमुकल्या माणसाला एकदम वजन आलं. इरशादना लुंगीवर चौकडा हवा होता. त्यांनी बोटाने हवेत उभ्या-आडव्या रेघा मारून दाखवल्या.

"अब्बा, लुंगीक चारच चौकटी आसत," सुहाना म्हणाली. "तेत चौकडो खंय बसवू?"

दोन दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला, म्हणजे टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

मग आवाजांची पाळी आली. समुद्राचा आवाज तिने नुसत्या खरखरीतून केला. इरशादनी हाताने समजावलं की लाट येते झटकन, पण परत जाते सावकाश, आणि जातानाचा आवाज लांबवर ऐकू येतो. तिने तसं केलं आणि आमच्या पडवीत मालवणातला आमचा दांडीचा किनारा आला. राहिली ती हाक. सुहानाने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. माइक माझ्यासमोर धरला.

"माझी हाक आयकान गडी दोर सोडून पळतले," मी म्हटलं. तरी ओरडले. तिने तो आवाज जुन्या गेमसारखा केला आणि वाजवला. माझा चांगला खणखणीत आवाज फाटून तुटून असा बाहेर आला की मी दचकले.

"ह्या मशीनीत सगळ्यांचोच आवाज असोच येता, अम्मी," सुहाना म्हणाली.

इरशाद पुढे सरकून ऐकत होते. त्यांनी पुन्हा वाजवायची खूण केली. मग पुन्हा. चौथ्यांदा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुहानाचा माइक उचलला, खोलीत गेले आणि दार आतून लावलं. मी दाराला कान लावला, लावणारच. आधी नुसता खोकला. मग एक 'हे' अर्ध्यात मोडला. दुसराही मोडला. मला वाटलं, आता ते बाहेर येणार आणि यानंतर कधीच प्रयत्न करणार नाहीत. मी दार सोडून हलले नाही. सातव्या का आठव्या खेपेला हाक पूर्ण झाली.

सुहानाने त्यांचा आवाज मशीनमधून काढला आणि आधीचा नि नंतरचा, दोन्ही वाजवून दाखवले. काडीचा फरक नव्हता. इरशाद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसताना त्यांचा आवाज निघाला.

स्पर्धेत गेमचं काय झालं ते सुहानाला विचारा. मला एवढंच माहीत आहे की रापणीचे गडी एका दुपारी आमच्या पडवीत बसून तो खेळले. हाक वाजली तशी हरिश्चंद्रभाऊंची टाच जमिनीत दाबली गेली. भाऊ म्हणाले, "हो इरशादच." आणि मग, "शिटी वाजवून माझे गाल दुखाक लागले रे."

पाऊस संपून रापणी सुरू झाल्या. एका सकाळी मी बांगडे साफ करत होते आणि तीच हाक पुन्हापुन्हा कानांवर येत होती.

"सुहाना, तो गेम बंद कर गो," मी ओरडले. "डोक्याक ताप झालो."

"अम्मी," ती खोलीतून म्हणाली, "गेम बंदच आसा."

मी तशाच हातांनी ओट्याशी उभी राहिले आणि मला रडू आलं. किनाऱ्यावरची हाक तीन वेळा मोडली, चार वेळा नीट आली. दर 'हय्'ला माझी टाच उगाच दबत होती.

दोन तासांनी इरशाद आपला वाटा घेऊन फाटकाशी आले. हात भरलेले, तरी पिशवी खाली ठेवून टाळी वाजवली. मी गेले नाही. दुसरी वाजवली. गेले नाही.

मग हाक आली, फाटकी, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी. "अकिलाऽऽ!"

मी हात धुतले आणि फाटक उघडायला गेले.