खडूने लिहिलेली तपासणी

आमच्या सभागृहाच्या दारात एक फळा आहे. येत्या महिन्याचे सगळे कार्यक्रम त्यावर मीच लिहितो, गेली बावीस वर्षं. पद्धत ठरलेली: कार्यक्रम रंगाने, दुरुस्त्या आणि तपासण्या खडूने. खडू पुसता येतो ना! कुणी हॉल मागितला की सेक्रेटरी म्हणणार, "खडूचं पुसा." मी पुसतो. आपण काय, हुकमाचे ताबेदार.

या महिन्यात वाचनस्पर्धा, वॉर्डाची पाणीसभा, रक्तदान आणि शनिवारी शाळेचं संमेलन. शनिवारच्या रकान्यात आधी काय होतं? 'गॅलरीची तपासणी'. ती मी तिसऱ्यांदा पुसली.

बुधवारी माझा मेव्हणा आला. गवंडी माणूस, कुठेही गेला तरी नजर भिंतींवर. गॅलरीच्या तुळईला भेग गेलीय, तिच्यात त्याने बोट घातलं. दोन पेरं आत गेलं.

"दाजी, वर सोडाच, खाली खुर्च्यासुद्धा मांडू नका," तो म्हणाला. एरवी हा तोंडाचा पट्टा बंद न करणारा. त्या दिवशी चहा तसाच ठेवून निघून गेला.

मी सेक्रेटरीच्या कानावर घातलं. "अहो, इतकी वर्षं पडली नाही, ती नेमकी शनिवारीच पडणार का? पत्रिका वाटून झाल्यात. तपासणी रविवारी लिहा," म्हणाला, आणि वर हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंडातून निघालं काय? "बरं." आग लागो माझ्या जिभेला!

शनिवारी मी सकाळीच गॅलरीला कुलूप घातलं. चार वाजता खालचा हॉल गच्च भरला, माणसं दारात ताटकळायला लागली. सेक्रेटरीने सगळ्यांदेखत हात पुढे केला. मी किल्ली दिली. आया, आजोबा, कडेवरची पोरं, सगळे धडाधडा वर चढले. भेगेतून चुना गळला. खाली बसलेल्या एका बाईने खांदा झटकला आणि पुन्हा गप्पांना लागली.

माझी बायको त्याच बाईच्या शेजारी बसली होती. मी वाकून म्हटलं, "चल बाहेर, तुझ्या बहिणीचा फोन आलाय."

अंगणात आल्यावर ती म्हणाली, "कुठाय फोन?"

मग मी सगळं ओकलो. भेग, बोट, तीनदा पुसलेला खडू. आत पोरांचा नाच सुरू झाला, मोठा ठेका लागला. मला वाटलं, ही माझा हात धरेल.

"म्हणजे मला तेवढं बाहेर काढलंत?"

"अगं, मला तू हवीस."

"आणि आतली माणसं कुणालाच नकोत?"

ती चपला तिथेच टाकून आत पळाली. मला वाटलं, मागच्या रांगेतल्यांना उठवेल. पण ती थेट गॅलरीच्या जिन्याकडे गेली. मी दारापर्यंत पोचलो, पुढे पाय उचलेना. भित्रा मेला मी! वर सगळेजण ठेक्यावर पाय आपटत होते. ती हातवारे करत ओरडत होती, खाली उतरा म्हणत असणार. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, त्यांच्यापर्यंतही जात नव्हता, आणि ती एकेक पायरी वरच चढत होती.