त्याने मान हलवली

ऐकू न येणाऱ्यांच्या खुणा बोलून दाखवायच्या आणि बोलणाऱ्यांचे शब्द खुणांनी सांगायचे, हा ताईचा पोटापाण्याचा उद्योग. तिला खुणा कुठे शिकाव्या लागल्या नव्हत्या. आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे पोरगी बोलायच्या आधीच हात हलवायला लागली होती.

ती नऊ वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, बाबा आठवडाही काढणार नाहीत. आईला हे सांगायला तिचे हात धजेनात. "बरे होतील," असं तिने सांगून टाकलं. आई निश्चिंत मनाने घरी गेली, आणि बाबा त्याच दुपारी एकटेच गेले. पुढे आईने तिला समोर बसवून बजावलं, "पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही." ताईने ते पुढे तीस वर्षं पाळलं.

मग इस्पितळाच्या धुलाईघरात आग लागली. चादरींचा ढीग जळाला, घड्या घालणाऱ्या एका बाईचे दोन्ही हात भाजले. संशय आला तो इस्त्रीवाल्यावर. मोठ्या इस्त्रीयंत्रावर वीस वर्षं काम करणारा, ऐकू न येणारा, अबोल माणूस. चौकशीला ताईला बोलावलं.

"जेवायला जाताना यंत्र चालूच ठेवलं होतं का?" चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

ताईने प्रश्न खुणांनी सांगितला. इस्त्रीवाल्याने तिच्या हातांवर नजर ठेवून सावकाश मान हलवली. ती मान म्हणजे "समजलं, सांगा पुढे." आईही अशीच हलवायची, भाजीवाल्यापुढेसुद्धा. त्याचा हात उत्तरासाठी वर येणार, तोच साहेबांनी कागदावर 'हो' लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला.

ताईला तो 'हो' समोरून उलटा दिसला. ती सांगायला पुढे सरकली. पण मान तर सगळ्यांनीच पाहिली होती. तिचा अर्थ सांगणं म्हणजे पदरचं घालणंच की. ती पुढचा प्रश्न खुणांनी सांगू लागली. शेवटी जबाब वाचून दाखवा असं कुणी म्हटलं नाही. इस्त्रीवाल्याने दाखवलं तिथे सही केली.

आठ दिवसांनी तो कामावरून काढल्याचं पत्र घेऊन तिच्या घरी आला. ताईने ते शब्दन् शब्द सांगितलं. तो गोंधळला.

"मी कबूल केलं? कधी? यंत्र मी बंद केलं होतं. वायरीतून धूर येतो हे मीच दोनदा मुकादमाला दाखवलं होतं."

"तुम्ही मान हलवलीत," ताई म्हणाली.

"ती प्रश्न कळला म्हणून. तुला ठाऊक आहे ते."

तो पत्राची घडी घालून निघून गेला. आई दारातून सगळं बघत होती.

"तुला कळलं होतं?" तिने विचारलं.

"हो. पण नियम तुझाच ना, आई? पदरचं काही घालायचं नाही."

आई म्हणाली, "तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. नऊ वर्षांच्या पोरीला मी दुसरं काय सांगणार होते?" एवढं सांगून ती तोंड फिरवून बसली. आता तिच्याशी बोलायचीही सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई अर्ज लिहून साहेबांकडे गेली. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हाच का नाही बोललात, बाई? आज तुम्ही म्हणता मान म्हणजे हो नाही. उद्या कुणी म्हणेल, तुम्ही त्याच्यावर दया केलीत. मग तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा? त्या भाजलेल्या बाईला मी काय सांगू?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. तिचा अर्ज त्यांनी फायलीला लावला. निकाल बदलला नाही.

इस्त्रीवाला बहिणीच्या गावी गेला. जायच्या आदल्या दिवशी ताई त्याला भेटायला गेली, तेव्हा तो दोरीने गादी बांधत होता. तिने माफी मागितली. रागाने तो काही बोलला असता, तर तिला हलकं वाटलं असतं. त्याने फक्त आईची तब्येत विचारली आणि गाठ मारायला दोरीवर बोट ठेवायला सांगितलं. तिने बोट ठेवलं.